पडद्यावरच्या घरात कोण राहते?

मे महिन्याचे पहिले तीन दिवस महाराष्ट्राला मिरवायला भरपूर देतात. १ मे हा राज्याचा दिवस, तोच कामगारांचा, आणि ३ मे सिनेमाचा. १९१३ साली याच तारखेला गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. राज्याच्या वाट्याला झेंडावंदन येते, सिनेमाच्या वाट्याला फाळक्यांचा फोटो. कामगाराच्या वाट्याला सुट्टी येते. तीही ज्याला पगारी सुट्टी आहे त्याच्या. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या निलंग्याच्या मोंढ्यातला हमाल त्या दिवशी घरी बसला तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, एवढाच त्याचा कामगार दिन.

या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडतील असा एक चित्रपट मराठी माणसाने काढला होता. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’, साल १९२५. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. कर्ज, नापिकी आणि स्थलांतर यांवर रोज बातम्या छापल्या जाणाऱ्या आपल्या भागात त्याची आठवण निघायला हरकत नव्हती.

गोष्ट ना. ह. आपट्यांची. एक शेतकरी सावकाराच्या खोट्या कागदांत अडकतो, जमीन गमावतो आणि पोटामागे शहरात जाऊन गिरणीत कामगार होतो. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. आज हे कथानक कुणालाही ओळखीचे वाटेल. पण तेव्हा पडद्यावर राज्य होते ते हरिश्चंद्राचे, कृष्णाचे आणि कीचकाचे. खुद्द बाबूरावांचे नाव ‘सैरंध्री’ आणि ‘सिंहगड’ यांनी झालेले. अशा माणसाने अचानक मुकुट, तलवारी आणि महाल बाजूला सारून एक अंधारी झोपडी दाखवली. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांना हा मूकपट पुढे पुसटसाच आठवत होता. पण याच गोष्टीचा नंतर बोलपट झाला, त्यातली मंद उजेडातली झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे त्यांच्या कायमचे लक्षात राहिले.

लोकांनी मात्र चित्रपटाला फारसा हात दिला नाही. चमत्काराला आणि लढाईला सोकावलेल्या प्रेक्षकाला चार आणे देऊन स्वतःचीच चूल विझलेली पाहायची नव्हती, आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. पण ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नसावी, कारण १९३६ मध्ये शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी तीच पुन्हा बोलपट म्हणून केली.

१९२५ चा चित्रपट आज पाहता येत नाही. भारतात निघालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांतले तीसेक हाती उरलेत, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. त्या काळची फिल्म पटकन पेट घेणारी, जपायला महाग आणि तिच्यातली चांदी काढून विकता येण्याजोगी. त्यामुळे आगीतून वाचले ते भंगारात गेले. ‘सावकारी पाश’विषयी आपण बोलतो ते कथानकाच्या नोंदी, छायाचित्रे आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी यांच्या आधाराने. ज्या घरात फक्त कर्जाचे कागद उरतात आणि माणसे निघून जातात, त्या घराचा इतिहास लिहावा तसेच हे काम आहे.

तेव्हा आपण कुठे होतो? निलंगा तालुका १९२५ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके बीदरमधून काढून उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. म्हणजे कोल्हापुरात बाबूराव सावकाराच्या खोट्या कागदाचे चित्रण करत होते, तेव्हा आपल्याकडे कचेरीचा कागद उर्दूत होता, घरातली बोली मराठी, कानडी, दखनी किंवा लमाणी होती, आणि अंगठा तेवढा सगळ्यांचा सारखाच होता. इंग्रज मुलखातल्या शेतकऱ्याने १८७५ मध्ये सुप्याला सावकारांची खाती जाळली, त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, निदान कागदावर तरी. निजामाच्या मुलखाला त्या कायद्याचा वारा लागला नाही. इथे धान्यावर कर्ज देणारे पेठेतले सावकार होते, वतनदार होते, आणि वसुलीला दारात येऊन बसणारे रोहिलेही होते. ‘सावकारी पाश’ कोल्हापूरच्या मातीत काढलेला असला तरी त्याची गोष्ट मांजरा-तेरणेच्या काठावर जास्त लागू होती.

आता प्रश्न असा, की गरिबाचे घर पडद्यावर आले म्हणजे त्या घरातले सगळे आले का? आणि गावातली सगळी घरे आली का? आजकाल कोणताही चित्रपट आला की त्यात कोण आहे, कोण नाही, कुणाला नुसते शोभेला ठेवले आहे याची तपासणी होते. काही जण या तपासणीला वैतागतात. आम्हाला ती हवीशी वाटते. फक्त ती करताना पडद्याच्या मागे आणि पुढे, दोन्हीकडे पाहायला हवे. ‘सावकारी पाश’च्या बाबतीत या दोन बाजूंची उत्तरे अगदी वेगळी येतात.

मागची बाजू आधी पाहू, कारण ती जास्त रंगीत आहे. बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, कोल्हापूरच्या कारागीर घरातले. शाळा बेताची. ते आणि नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. ‘पेंटर’ हे आडनाव त्यातून चिकटले. विलायतेहून कॅमेरा आणायला पैसे नव्हते, म्हणून घरच्या लेथवर कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले; काम बाबूरावांनी पुरे केले. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहायला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. जिच्या गाण्याला प्रतिष्ठित लोक दाद देत आणि जिला प्रतिष्ठित घरात जागा नसे, अशा बाईच्या कमाईवर मराठी चित्रपटाचा एक पाया घातला गेला. कंपनीत विष्णुपंत दामले होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून शेख फत्तेलाल होते. शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम होते, वडील जैन आणि आई हिंदू अशा घरातले. चित्रपटात येण्याआधी त्यांनी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केलेले. पडद्यावर कारखान्यात जाणारा शेतकरी झालेल्या या मुलाने कारखान्याचे तेल आधीच हाताला लावून घेतले होते. आणि कंपनीत गुलाबबाई होत्या, ‘सैरंध्री’पासून कमलादेवी या नावाने पडद्यावर आलेल्या, त्या ‘सावकारी पाश’मध्येही होत्या.

स्त्री पडद्यावर येणे हीच तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती, हे फाळक्यांच्या अनुभवावरून कळते. ‘हरिश्चंद्र’साठी तारामती काही केल्या मिळेना. शेवटी एका खाणावळीत स्वयंपाकाला असलेल्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले गेले. भारताच्या पहिल्या चित्रपटातली राणी एक आचारी होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात गंमत म्हणून येते. आम्हाला ती गंमत वाटत नाही. मजुरी करणारा माणूस पडद्यावर आला तो राणीच्या वेशात आला; मजूर म्हणून यायला त्याला आणखी बारा वर्षे थांबावे लागले.

हे सगळे कोल्हापुरातच का जमून आले, याचाही विचार करावा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या, तालमी आणि गाणे-बजावणे पोसले, कारागिराला दरबारात मान दिला. ज्या गावात सुताराचा मुलगा चित्रकार होऊ शकतो आणि मुसलमान मेस्त्री कलेचा बिनीचा माणूस ठरतो, त्याच गावात लेथवरचा कॅमेरा होतो. कलावंताची प्रतिभा वगैरे ठीक आहे, पण प्रतिभेला शेड लागते, पैसा लागतो आणि आपल्या जातीबाहेरचा मित्र लागतो.

आता पडद्याची पुढची बाजू. कथानकाच्या ज्या नोंदी आहेत त्यांवरून दिसते ते घर जमीन असलेल्या शेतकऱ्याचे आहे. त्याच्याजवळ गमवायला काही तरी आहे, म्हणून त्याची गोष्ट होऊ शकते. ज्याच्या नावावर गुंठाभरही नव्हता, ज्याला सावकार कर्जसुद्धा देत नसे, ज्याचा बाप दुसऱ्याच्या वावरात सालगडी म्हणून राबून मेला, त्याच्या घराची गोष्ट कुणी करायची? महारवाडा, मांगवाडा, लमाणांचा तांडा, कैकाड्यांची पाले, गावाच्या शिवेवरची मेंढरे या साऱ्यांच्या जिवावर गाव चालत होते आणि सिनेमा त्यांच्याजवळून जात होता. हा आरोप आम्ही आजच्या फूटपट्टीने १९२५ वर लादतो आहोत, असे म्हणता येणार नाही. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे पाणी प्यायला गेली. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याच्या चाळीसेक वर्षे आधी लिहिला होता. प्रश्न त्या काळाला ठाऊक होता. तो कॅमेऱ्याच्या भिंगापर्यंत पोचला नव्हता, इतकेच.

आणि पोचला तेव्हा वरून पोचला. १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. आधीचे नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले म्हणून बदलावे लागले. त्यात अस्पृश्याच्या घरी जेवणारे संत आहेत आणि संताच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व आहेत. पुढच्या वर्षी मुंबईत ‘अछूत कन्या’ आला; त्यातली अस्पृश्य मुलगी झाल्या देविका राणी, टागोरांच्या नात्यातल्या. हेतूवर शंका नाही. पण दोन्ही ठिकाणी गरिबाचे घर दिसते ते कुणा मोठ्या मनाच्या पाहुण्याला तिथे जेवू घालण्यापुरते. त्या घराची पाहुण्याशिवायची संध्याकाळ कुणी दाखवत नाही.

तशी संध्याकाळ आम्हाला पहिल्यांदा दिसते ती अनपेक्षित ठिकाणी, १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट भक्तिपट म्हणून वर्षभराहून अधिक चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. लोक तुकाराम पाहायला गेले आणि घरी येताना जिजाई घेऊन आले. घरात दाणा नाही, नवरा टाळ घेऊन बसलेला, पोरगे तापाने फणफणलेले. आणि ही बाई म्हशीशी बोलते, नवऱ्यावर ओरडते, देवळात जाऊन पांडुरंगावर वहाण उगारते. संतपणाची किंमत घरात कोण मोजते, हे ती एका शब्दाचे तत्त्वज्ञान न सांगता दाखवून देते. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले होते. जिजाई झालेल्या गौरी प्रभातमध्ये किरकोळ कामे करत वर आलेल्या. ती वहाण अभिनयाच्या शाळेत उगारायला शिकवत नाहीत. कष्टकरी घराचे खरे चित्र हवे असेल तर त्या घराशी ओळख असलेला माणूस पडद्यावर उभा करा, हे नव्वद वर्षांपूर्वीच सिद्ध होऊन गेले आहे. तरी पुढच्या पिढीने हा धडा खुशाल विसरावा, ही मोठी विचित्र गोष्ट.

शहरात गेलेल्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, तेही विचारायला हवे. ‘सावकारी पाश’चा नायक गिरणीत जाऊन उभा राहिला. पण तिथून पुढे मुंबईच्या गिरण्यांत लाखो माणसे राबत असताना मराठी पडद्याने चाळीतले विनोद जास्त पाहिले आणि साचा कमी. १९३४ मध्ये प्रेमचंदांनी गिरणी कामगारांवर पटकथा लिहिली, मोहन भवनानींनी चित्रपट काढला, तर मुंबईत त्यावर बंदी आली. संप म्हटला की सरकार आणि मालक दोघांनाही हुडहुडी भरायची. १९५३ चा बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ हा तर जवळजवळ बाबूरावांच्याच वाटेने जाणारा, फक्त गिरणीऐवजी कलकत्त्याची हातरिक्षा. मराठीत गिरणीच्या घराची पडझड सविस्तर आली ती जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात आणि त्यावरून निघालेल्या २०१० च्या ‘लालबाग परळ’मध्ये. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिल्यावर गिरणी पडद्यावर आली.

आणि बिनजमिनीच्या घराला लागली एकोणनव्वद वर्षे. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. डुकरे धरणारे कैकाडी कुटुंब, घरात कैकाडी बोली, बाप झालेले किशोर कदम, आणि जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातला हलगी वाजवणारा पोरगा. या चित्रपटात कुणी मोठ्या मनाचा पाहुणा जेवायला येत नाही. शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू रंगवलेले आहेत आणि त्या भिंतीसमोरून मेलेले डुक्कर वाहून न्यावे लागते. लेखक-दिग्दर्शक तशा घरातून आलेला असला की कॅमेरा कुठे ठेवायचा हे वेगळे शिकावे लागत नाही. (लगेच असे नको म्हणायला की दुसऱ्या घरातल्याला ते जमणारच नाही. दामले ब्राह्मण होते, फत्तेलाल मुसलमान. दोघांनी मिळून देहूच्या वाण्याचे घर उभे केले. पण दोघांनी मिळून केले, हे विसरायचे नाही.)

आपल्या भागाचे काय? मराठवाड्याच्या वाट्याला कॅमेरा येतो तो ठरावीक वेळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला आला, ढिगारे दाखवायला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तिच्याबरोबर आला. एरवी मराठवाडा चित्रपटात असतो तो बोलीच्या रूपाने, आणि त्या बोलीचे काम हसवणे हे ठरून गेले आहे. मकरंद अनासपुरेंनी बीडकडची बोली पडद्यावर नेली याचा आनंदच आहे. ती नेली नसती तर तीही दिसली नसती. पण त्या बोलीत बाई रडते, बाप मुलीची समजूत घालतो, सोयाबीनचा भाव पडला म्हणून कुणी रात्रभर अंगणात बसून राहतो, हे दाखवण्याची हिंमत फारच थोड्यांनी केली. ‘मपलं तुपलं’ म्हणणारा माणूस पडद्यावर आला की प्रेक्षागृह आधीच हसायला तयार असते. निलंग्याच्या थिएटरातही. आपणही हसतो, हे अधिक वाईट.

शिवाय निलंगा तालुका म्हणजे एकाच बोलीचा मराठवाडा नव्हे. औराद शहाजानी, कासारशिरसी भागात गेलात की एकाच ओट्यावर मराठी आणि कानडी ऐकू येते. कुणाची सोयरीक भालकीला आहे, कुणाची बसवकल्याणला. लिंगायत, मराठा, मुसलमान, बौद्ध, मातंग, धनगर, बंजारा ही सगळी घरे एकाच आठवडी बाजारात उतरतात. १ मे १९६० ला मराठी राज्य झाले याचा अभिमान धरताना आपल्या शिवेवरच्या घरात दोन-तीन भाषा नांदतात हे झाकायचे कारण नाही. पुण्या-मुंबईच्या चित्रपटात मात्र गाव म्हटले की एक पाटील, एक मास्तर, एक वाया गेलेला पोरगा आणि सगळ्यांची एकच छापील ‘ग्रामीण’ बोली, जी महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात बोलली जात नाही. निलंग्याचे नाव लातुरात भाताच्या गाड्यांवर जेवढे दिसते, तेवढे मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दिसत नाही.

आज १९२५ चा सावकार वेगळ्या रूपात आहे. २०१४ मध्ये राज्याने सावकारी नियमनाचा कायदा केला. परवाना घेतलेला सावकार कायद्यात बसला आणि बाकीचा उचल देऊ लागला. मराठवाड्यातून दर हंगामात कारखान्यांकडे जाणारी ऊसतोड टोळी ही या उचलीने बांधलेली असते. मुकादमाकडून आधी पैसे घ्यायचे, आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडून ते फेडायचे. फिटले नाहीत तर पुढच्या हंगामावर. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बाई पहाटे तीनला उठून भाकरी टाकते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि हिशेबात ती अर्धी असते. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, म्हणून बीड जिल्ह्यात कमी वयाच्या बायकांची गर्भाशये काढली गेली. २०१९ मध्ये त्यावर ओरड झाली आणि नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बातमीच्या कॅमेऱ्याने तेव्हा पदराने तोंड झाकलेल्या बायका दाखवल्या. ओळख लपवायला ते योग्यच होते. पण उसाच्या फडाजवळच्या कोपीतले, म्हणजे झोपडीतले, आयुष्य आपल्याकडे पोचते ते असे झाकलेल्या चेहऱ्यानेच, आणि ‘सावकारी पाश’पुरते तरी उघड्या चेहऱ्याने ते मराठी पडद्यावर यावे, ही अपेक्षा शंभर वर्षांनंतर फार मोठी नाही.

कॅमेऱ्याची अडचण आता लेथवर सोडवायची उरलेली नाही. तो टोळीतल्या पोराच्या खिशातही आहे. त्याने काढलेल्या चित्रफितीत उसाच्या फडातली गाणी, ट्रॅक्टरवरची पोरे आणि रात्रीची कोपी असते आणि ती हजारो लोक पाहतात. आम्हाला त्यात बाबूरावांची झोपडी दिसते. नसते ते बाकीचे: तानीबाईंचा पैसा, दामले-फत्तेलालांची जोडी, शिकवायला कुणी तरी, आणि तयार झालेले काम चार लोकांना एकत्र बसून दाखवायची जागा. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांना लाखो रुपये ओतले जातात. त्याच जिल्ह्यांत चित्रपट शिकायचा तर मुलाला पुण्याची वाट धरावी लागते, आणि तिथली फी ऐकून तो परत येतो. नगरपालिकांच्या सांस्कृतिक सभागृहांत लग्ने लागतात. जत्रेतले सिनेमाचे तंबू ओस पडले. सरकारचे चित्रपट अनुदान आहे, पण ते पूर्ण झालेल्या चित्रपटाला मिळते, म्हणजे ज्याच्याकडे आधी पैसे आहेत त्याला.

मे महिन्यात टोळ्या गावी परतलेल्या असतात. ऑक्टोबरात मुकादम पुन्हा येईल. मधल्या पाच महिन्यांत कोणत्या तरी महाविद्यालयाने, कोणत्या तरी नगरपालिकेने एक सभागृह आणि दोन जाणती माणसे या पोरांच्या हाती द्यावीत. पहिली फिल्म वाईट निघाली तरी चालेल, ‘सावकारी पाश’ही चालला नव्हता.